पॅड आणि डिस्क नव्या, तरी पिकअपचा ब्रेक कमी का लागतो?

प्रश्न थोडक्यात असा: दीड टनी डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. तेव्हापासून गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. पेडल निम्म्याच्या खाली गेल्यावर ब्रेक धरतो आणि लागोपाठ दोनदा दाबलं की पेडल वर येतं. गॅरेजवाला म्हणतो, "चालवा, शे-दोनशे किलोमीटरमध्ये पॅड बसतील."

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नवे पॅड डिस्कवर पूर्ण टेकेपर्यंत ब्रेक थोडा कमी धरतो, हे खरं. पण त्यामुळे पेडल एवढं खाली जात नाही. पेडल खाली जाणं आणि ब्रेक न धरणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची कारणंही वेगवेगळ्या जागी असतात. पेडल खाली जात असेल तर ऑइल कुठेतरी वाया जातंय: हवा दाबण्यात, जादा गॅप भरून काढण्यात, किंवा गळतीत. पेडल वरच्या वर कडक लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा दोष घर्षणात, बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा अडकलेल्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असतो. हा फरक न करता मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर), मग बूस्टर, मग आणखी महागडे पॅड असं एकेक बदलत गेलं की दहा-पंधरा हजार सहज उडतात आणि ब्रेक तसाच राहतो.

आधी एक सांगतो. पेडल पाटीला (पायाखालच्या पत्र्याला) टेकत असेल, किंवा पाय धरून ठेवल्यावर हळूहळू बुडत असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. गॅरेजपर्यंतही टो करूनच न्या.

आता गाडी सपाट जागी लावा, चाकांना उटी (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावा आणि इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. यापुढे पायाला जे जाणवेल ते निव्वळ ऑइलच्या लाइनचं असेल. एकदा सावकाश दाबा, सोडा, पाच सेकंद थांबा, मग लागोपाठ दोनदा दाबा. दुसऱ्या दाबाला पेडल वर आलं आणि वर आल्यावर दगडासारखं कडक लागलं, तर लाइनमध्ये हवा नाही, कुठेतरी गॅप जास्त आहे. वर आलं पण पायाखाली लिबलिबतंय, तर हवा आहे. वर येऊन पाय धरला असताना खाली सरकत गेलं, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर (आतले रबरी सील) आतल्या आत ऑइल सोडतायत.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय मागच्या ड्रमचा येतो, पुढच्या नव्या कामाचा नाही. खात्री करायला पाना लागत नाही. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेकची केबल मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू) ड्रमकडे ढकलते, त्यामुळे तिथला गॅप तात्पुरता भरून निघतो. हँडब्रेक ओढल्यावर पेडल लक्षात येण्याइतकं वर आलं, तर मागचे लायनर ढिले आहेत. काहीच फरक पडला नाही तर मागचं सोडा आणि पुढे बघा. ही युक्ती मागच्या लायनरवर काम करणाऱ्या हँडब्रेकलाच लागू आहे. गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर हँडब्रेक असलेल्या गाडीत यातून काही कळत नाही.

मागचा ढिलेपणा नेमका पुढचं काम झाल्यावरच का जाणवतो, याला कारण आहे. जुने पॅड डिस्कच्या चरांत मुरलेले असतात आणि लगेच धरतात, त्यामुळे मागची उणीव झाकली जाते. नवे पॅड सुरुवातीला कमी धरतात, ड्रायव्हर जास्त दाबतो, आणि पेडल किती खाली जातंय ते तेव्हा कळतं. शिवाय बहुतेक गॅरेजांत पुढचं काम सांगितलं की मागचे ड्रम उघडतच नाहीत.

मागची ॲडजस्टमेंट करताना क्रम चुकवू नका. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा. मागचा ॲक्सल जॅकवर उचलून घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर काम नको. ड्रम काढून आत बघा. लायनर ओले आणि काळे असतील तर ओल कसली ते ओळखा. बोटाला पातळ लागतं आणि पाण्याने धुतलं जातं ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर (लायनर ढकलणारा चाकातला सिलिंडर) गळतोय. जाडसर, उग्र वासाचं आणि पाण्याने न जाणारं ते क्राउनचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं) ऑइल, म्हणजे ॲक्सलचा ऑइल सील गेलाय. व्हील सिलिंडरचं रबर बोटाने थोडं उचलून बघा. आत थेंब साठलेला असेल तर बाहेर गळती दिसत नसली तरी तो सिलिंडर बदलायचाच. ड्रमच्या काठाला धार आली असेल तर आतून माप घ्या. कमाल व्यास बहुतेक ड्रमवर कोरलेला असतो. त्यापेक्षा मोठा झालेला ड्रम लेथवर फिरवून उपयोग नाही, बदला. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती फुप्फुसात जायच्या लायकीची नसते.

मग ड्रम परत बसवा आणि स्टार व्हील (लायनर ड्रमजवळ आणणारं दातेरी चाक) स्क्रूड्रायव्हरने फिरवत जा, ड्रम हाताने फिरेनासा होईपर्यंत. ब्रेक एकदा जोरात दाबून सोडा म्हणजे लायनर मधोमध बसतील. आता तेच व्हील उलट फिरवून इतकं सैल करा की ड्रम फिरवताना हलकं घासल्याचा आवाज येईल, पण हात अडणार नाही. दोन्ही बाजू सारख्या करा. सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल घ्या. साधारण पाच ते सात खटक्यांत गाडी धरली पाहिजे. उलटं, म्हणजे आधी केबल ओढून हँडब्रेक 'टाइट' करून देणं, हा सर्रास चालणारा घोळ आहे. केबल ताणलेली राहिली की लायनरचा लिव्हर आपल्या जागी परत येत नाही आणि ऑटो ॲडजस्टर काम करायचा थांबतो. हँडब्रेक छान लागतो, पायाचा ब्रेक मात्र महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा खाली.

इथेच एलएसपीव्हीची, म्हणजे ओझ्याप्रमाणे मागचा दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची गोष्ट. मागच्या ॲक्सलजवळ चासीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी वळते आणि मागच्या चाकांना जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की मागचा दाब कमी होतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. जास्त माल घालायचा म्हणून मागे स्प्रिंगचा जादा पाटा टाकला की गाडी भरूनही उंच राहते. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि तीन टन ओझ्याखाली मागचे ब्रेक जेमतेम काम करतात. दांडी तुटून लोंबत असेल किंवा कोणी तारेने बांधून टाकली असेल तर तेही पाहून घ्या. पाटे वाढवले असतील तर दांडीचं सेटिंग नव्याने करावं लागतं, तेही कंपनीच्या मापाने. अंदाजाने दांडी वर ओढून ठेवली तर रिकाम्या गाडीत पावसाळ्यात मागचं टोक सुटतं.

हँडब्रेकच्या चाचणीत फरक पडला नाही आणि पेडल लिबलिबीत असेल, तर हवा शोधा. ऑइल टाकीचं झाकण काढा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि सहकाऱ्याला पेडल वीस वेळा भराभर दाबून धरायला सांगा. मग एकदम सोडायला सांगा. टाकीत ऑइलची पिचकारी उसळली तर हवा आहे. नुसती हलकी लाट आली तर बहुधा नाही. ऑइल गाडीच्या पेंटवर उडालं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतं.

पुढच्या कामात हवा शिरायची हमखास जागा म्हणजे कॅलिपर. दोन्ही कॅलिपर पूर्ण उतरवले असतील आणि परत लावताना डाव्याचा उजवा झाला, तर बऱ्याच गाड्यांत ते बिनबोभाट बसतात, पण एअर काढायचा निपल खाली जातो. हवा वर राहते आणि निपलमधून कितीही ऑइल काढलं तरी ती हलत नाही. निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे का, हे चाकामागे हात घालून एका मिनिटात कळतं.

एअर काढायला मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या पिकअपला बहुधा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. एलएसपीव्हीवर स्वतंत्र निपल असेल तर मागच्या चाकांबरोबर तोही घ्या. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव आटा उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. पूर्ण लाइन बदलायला एक लिटर ऑइल हाताशी ठेवा. निपलला रिंग पाना लावा, फिक्स पान्याने कोपरे गोल होतात.

या कामात एक नुकसान नकळत होतं. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचे वॉशर रोज ठरावीक अंतरातच पुढे-मागे जातात. त्यापलीकडच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. एअर काढताना पेडल पाटीपर्यंत दाबलं की वॉशर त्या गंजावरून घासून फाटतात. कामाआधी ठीक असलेलं पेडल कामानंतर बुडायला लागतं, ते यामुळेच. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर ही पाळी येत नाही. मास्टरवर शंका असेल तर बदलण्यापूर्वी त्याचे ऑइल जाण्याचे मार्ग त्याच आट्याच्या प्लगने बंद करा आणि पेडल दाबा. वरच्या वर कडक राहिलं तर मास्टर चांगला, दोष पुढे लाइनमध्ये. बुडालं तर मास्टर गेला. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगने काही हजारांच्या पार्टचा निकाल लागतो.

आणखी एक खूण: गाडी उभी असताना पेडल ठीक, पण खडबडीत रस्त्यावर किंवा वळणं घेतल्यावर पहिलाच दाब खाली जातो आणि दुसरा बरोबर लागतो. अशा वेळी डिस्क सरळ फिरत नाहीय. हबवर गंजाचा पापुद्रा तसाच ठेवून त्यावर नवी डिस्क बसवली की ती वाकडी बसते आणि फिरताना पॅडना मागे ढकलते. डिस्क उतरवा, हबचा चेहरा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा, डिस्क नटांनी आवळून डायल गेज (डिस्क किती डोलते ते मोजणारं माप) लावा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा. तो नसेल तर ०.१ मिमीच्या वर झोल नको. चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले असेल तरी हेच होतं, म्हणून गेज लावण्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बघा.

आता दुसरी तक्रार: पेडल कडक, पण गाडी थांबत नाही.

पहिली पाच मिनिटं बूस्टरला द्या. इंजिन बंद, पेडल पाच वेळा दाबून कडक करा, पाय तसाच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम पोचत नाहीय. डिझेल गाडीत व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून मिळत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, आणि महिंद्रा-टाटाच्या कितीतरी जुन्या डिझेल इंजिनांत तो अल्टरनेटरच्याच मागच्या बाजूला, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. म्हणजे अल्टरनेटरचा बेल्ट ढिला झाला तर चार्जिंगबरोबर ब्रेकही कमी होतो. बेल्टचा चिरका आवाज आणि आयडलिंगला कडक पेडल या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर आधी बेल्ट ताणा. मग बूस्टरकडे जाणारा पाइप आणि त्यातला एकेरी व्हॉल्व्ह पाहा. पाइप बाहेरून धड दिसतो पण आतून फुगून बंद झालेला असू शकतो. समुद्रसपाटीजवळ व्हॅक्यूम गेजवर साधारण ६०० ते ७०० मिमी पारा दिसायला हवा. घाटमाथ्यावर तो थोडा कमी दिसेल, घाबरू नका.

बूस्टर ठीक असेल तर घर्षणाकडे या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातच तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसायचा आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसायचा. आपल्याकडे मात्र सगळं डिझेलने किंवा रॉकेलने धुवायची सवय आहे. डिझेल सुकल्यासारखं दिसतं, पण तेलकट अंश मागे ठेवतं, आणि पहिल्याच गरम ब्रेकला तो पॅडमध्ये मुरतो. असा पॅड एकदा तेल प्यायला की गेला. ब्लो टॉर्चने जाळून 'कोरडा' करतात, त्याने तेल आत जळतं, बांधणीचं रेझिनही जळतं, आणि पॅड पत्र्यावरून सुटायचा धोका वाढतो. सरळ नवा जोड घ्या आणि डिस्क १२० नंबरच्या पेपरने गोल-गोल घासून पुन्हा पुसा.

पॅडचा दर्जाही तपासता येतो. बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पाठीवर कोडच्या शेवटी दोन अक्षरं छापलेली असतात: ईई, एफएफ, जीएफ अशी, रोमन लिपीत. पहिलं अक्षर थंड घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. आधी 'एफएफ' असलेल्या गाडीत 'ईई' पॅड टाकला तर सगळं काम अचूक करूनही ब्रेक कमीच लागणार. अक्षरंच नसलेला, पाकिटावर फक्त 'सुपर क्वालिटी' लिहिलेला पॅड माल वाहणाऱ्या गाडीत घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

आता कॅलिपर. बऱ्याच पिकअपचा कॅलिपर दोन पिनांवर सरकणारा असतो: पिस्टन आतल्या बाजूला, बाहेरचा पॅड कॅलिपर सरकून ओढतो. पिना अडकल्या की आतला पॅड एकटाच काम करतो. हे डिस्कवर स्पष्ट दिसतं. पन्नासएक किलोमीटर चालवून चाक काढा आणि डिस्कचे दोन्ही चेहरे बघा. आतला चेहरा आरशासारखा आणि बाहेरच्यावर अजून गंजाचे डाग किंवा फॅक्टरीचे चर दिसतात, तर पिना जाम. दोन्ही चेहरे तसेच कोरडे, तर पिस्टन जाम किंवा हौज पाइप (कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी) आतून बंद. चेहऱ्याचा फक्त अर्धा पट्टा घासला असेल तर पॅड तिरका बसलाय किंवा डिस्क चुकीच्या मापाची आहे. पिना साफ करून सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम. दोन पिना सारख्या नसतील, एकीवर रबरी बुश असेल, तर ती मूळ जागीच गेली पाहिजे.

हौज पाइपचं नुकसान बहुतेक वेळा कामातच होतं. कॅलिपर सोडला की तो पाइपवर लोंबकळत ठेवतात. जुना पाइप आतून फाटतो. मग एका बाजूचा ब्रेक उशिरा धरतो, उशिरा सुटतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. खात्री करायला पाच-सहा किलोमीटर नेहमीसारखं चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पुढच्या डिस्क मोजा. वीस-तीस अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थंड बाजू काम करत नाहीय, किंवा गरम बाजू सुटत नाहीय. जॅकवर चाक फिरवून पाहिलं की यातलं कोणतं ते कळतं.

सगळं जागेवर असेल तरच 'पॅड बसवायची' वेळ येते, आणि तेही आपोआप होत नाही. गाडी रिकामी, रस्ता मोकळा, मागे कोणी नाही असं बघून ६० वरून १५ पर्यंत मध्यम, ठाम ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. साधारण अर्धा मिनिट गाडी चालू ठेवा आणि पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा. थोडा जळका वास येईल, येऊ द्या. मग ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवा. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा एका जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर भरगच्च माल घेऊन घाट उतरू नका. नव्या पॅडमधलं रेझिन पहिल्यांदा जास्त तापलं की वायू सोडतं, आणि तो वायू पॅड-डिस्कच्या मध्ये येऊन कडक पेडलवरही ब्रेक नाहीसा करतो. कसारा किंवा बोरघाटाच्या उतारावर हे कळून घेण्यात अर्थ नाही.

ऑइलचं थोडक्यात. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत येतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या दमट हवेत हा ओलावा लवकर शिरतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, उघडून महिने झालेला डबा वापरू नका. टाकीच्या झाकणाचं रबर फुगून बसेनासं झालं असेल तर कोणीतरी इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल घातलंय. मग लाइन धुऊन भागत नाही, मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, हौज या सगळ्यांची रबरं बदलावी लागतात.

घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना वरची सगळी दुरुस्ती निरुपयोगी आहे. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. ज्या गिअरने चढलात त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरने उतरा. वेग ४० चा ६० झाला तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि दीड टनाच्या गाडीत तीन टन घातले असतील तर त्यात आणखी भर.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: आज हँडब्रेक ओढून पेडलची चाचणी, मग मागचे ड्रम उघडून ॲडजस्टमेंट, पुढच्या निपलांची जागा, गरज पडली तर एअर, आणि शेवटी पॅड बसवणं. एवढ्यानंतरही पेडल बुडत असेल तरच मास्टरला हात लावा. काम झाल्यावर स्वयंचलित तपासणी केंद्रातल्या रोलर टेस्टरवर गाडी घालता आली तर चारही चाकांचा ब्रेक आकड्यांत मिळतो. डाव्या-उजव्यात मोठा फरक आला, तर कमी आकड्याच्या चाकाचा हौज आणि पिना पुन्हा उघडा.